'स्टारफिश'चे चाहते अजून का आहेत, थोडी मागची गोष्ट

द चर्च या ऑस्ट्रेलियन रॉक बँडचं नाव काढलं की बहुतेकांना एकच गाणं आठवतं, 'अंडर द मिल्की वे', आणि त्यात काही चूक नाही, गाणं आहेच तसं. पण ज्यांनी 'स्टारफिश' हा अख्खा अल्बम पहिल्या ट्रॅकपासून शेवटपर्यंत ऐकलाय त्यांच्याशी बोलून बघा, ते त्या हिट गाण्यावर फार वेळ थांबत नाहीत, ते 'रेप्टाइल'वर येतात, 'डेस्टिनेशन'वर येतात, 'हॉटेल वूम्ब'वर येतात आणि मग गिटारबद्दल बोलायला लागतात. अल्बम 1988 चा आहे. इतक्या वर्षांनीही लोक त्यातल्या दोन गिटारींवर तासभर बोलू शकतात, ते कशामुळे हे समजायला जरा मागे जावं लागतं.

सुरुवात बारा तारांपासून. रिकनबॅकर कंपनीची बारा तारांची इलेक्ट्रिक गिटार 1964 मध्ये जॉर्ज हॅरिसनच्या हातात आली, बीटल्सच्या त्या वर्षीच्या रेकॉर्डिंगमध्ये ती ऐकू येते. ती ऐकूनच अमेरिकेत रॉजर मॅग्विनने तशीच गिटार घेतली आणि 1965 मध्ये त्याच्या द बर्ड्स या बँडने बॉब डिलनचं 'मिस्टर टँबरीन मॅन' वाजवलं. या गिटारीत तारा जोडीजोडीने असतात, खालच्या सुरांच्या चार जोड्यांमध्ये एक तार नेहमीची आणि दुसरी बारीक, एक सप्तक वर लावलेली, आणि वरच्या दोन जोड्यांमध्ये दोन्ही तारा एकाच सुरात. दोन तारा कधीच शंभर टक्के जुळत नाहीत आणि त्या किंचित फरकामुळेच आवाजाला ती छनछन, ती लकाकी येते. मॅग्विनच्या आवाजावर स्टुडिओत भरपूर कॉम्प्रेशन (मोठ्या आणि बारीक आवाजातला फरक कमी करणं) असायचं, त्यामुळे सूर पटकन विरायचा नाही, लांबत राहायचा. याच बँडने 1966 मध्ये 'एट माइल्स हाय'मध्ये जॅझ सॅक्सोफोनवादक जॉन कोलट्रेन आणि सतारवादक रविशंकर यांच्या प्रभावाखाली तीच छनछनणारी गिटार एकदम वेगळ्याच, धुंद जागी नेली. म्हणजे ही छनछन (इंग्रजीत तिला 'jangle' म्हणतात) आणि सायकेडेलिया, म्हणजे नशेसारखं धुंद करणारं संगीत, ही जोडी तेव्हापासूनची आहे. ऐंशीच्या दशकात आर.ई.एम.सारख्या बँडने आणि लॉस एंजेलिसच्या पेझली अंडरग्राउंडवाल्यांनी (साठच्या दशकाच्या संगीताने भारलेले तिथले बँड) ती परत उचलली.

द चर्च 1980 मध्ये सिडनीत सुरू झाले. स्टीव्ह किल्बी बेस वाजवायचा आणि गायचा, पीटर कोप्स आणि मार्टी विल्सन-पायपर गिटारवर, आणि थोड्याच दिवसांत ड्रम्सवर रिचर्ड प्लूग आला. विल्सन-पायपर इंग्लंडचा, आणि बारा तारांची रिकनबॅकर ही त्याची ओळखच झाली. कोप्सचा कल डिले (सुराचा मागून येणारा प्रतिध्वनी), रिव्हर्ब (मोठ्या खोलीत घुमल्यासारखा आवाज), लांब तरंगणारे सूर याकडे. दोघांपैकी कोणी 'रिदम' (मागे ताल धरणारा) आणि कोणी 'लीड' (पुढे सोलो वाजवणारा) असं सरळ वाटप नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण चाहत्यांचं सगळं प्रेम तिथेच अडकलंय. 1985 च्या 'हेडे' या अल्बमपर्यंत समीक्षक कौतुक करत होते पण विक्री तेवढी नव्हती आणि ईएमआय या रेकॉर्ड कंपनीने त्यांना सोडून दिलं. मग अमेरिकेत अरिस्टा आणि ऑस्ट्रेलियात मश्रूम या कंपन्यांशी नवे करार झाले.

आणि इथे खरी गंमत आहे. अरिस्टाने बँडला रेकॉर्डिंगसाठी लॉस एंजेलिसला नेलं आणि प्रोड्युसर दिले वॉडी वॉक्टेल आणि ग्रेग लदान्यी, दोघंही कॅलिफोर्नियाच्या चकचकीत रॉकमधले मुरलेले लोक, वॉक्टेल लिंडा रॉनस्टॅड आणि वॉरन झिव्हॉनबरोबर वाजवलेला, लदान्यी जॅक्सन ब्राउनबरोबर काम केलेला. सिडनीच्या या चौघांचं आणि त्यांचं अजिबात जमलं नाही, किल्बीला तर शहरच आवडलं नाही, त्याला गाण्याचे धडेसुद्धा घ्यायला लावले (ते उपयोगी पडले असं त्याने नंतर स्वतः मान्य केलंय). 'लॉस्ट', 'नॉर्थ, साउथ, ईस्ट अँड वेस्ट' ऐका, परक्या शहरात हरवल्याची भावना स्पष्ट आहे. पण माझं प्रामाणिक मत असं की याच भांडणामुळे अल्बम टिकला. प्रोड्युसरांनी घुमणाऱ्या आवाजाचं धुकं बरंच कमी केलं, आवाज कोरडा आणि जवळचा ठेवला आणि त्यामुळे दोन्ही गिटारी वेगवेगळ्या ऐकू येतात. आधीच्या अल्बममध्ये त्या एकमेकींत विरघळायच्या.

'रेप्टाइल' हेडफोन लावून ऐकाच. एक गिटार छोटा, टोकदार रिफ (सुरांचा छोटा तुकडा) परत परत वाजवत राहते, तसूभर हलत नाही, खाली बेस सरपटत जातो, आणि दुसरी गिटार मधल्या रिकाम्या जागा शोधून तिथे शिरते. कोणीही कोणावर चढत नाही. पहिल्यांदा ऐकताना रिफच लक्षात राहतो, पाच-सहा वेळा ऐकलं की दुसरी गिटार दिसायला लागते आणि मग सुटका नाही.

'अंडर द मिल्की वे' किल्बीने करिन यॅन्सनबरोबर लिहिलं, नाव ॲम्स्टरडॅममधल्या मेल्कवेग या म्युझिक हॉलवरून आलं. सुरुवातीला बारा तारांची अकूस्टिक, आणि मधला तो बॅगपाइपसारखा सोलो खरं तर गिटारच आहे, ईबोने (तार सतत कंपत ठेवणारं हातातलं छोटं इलेक्ट्रॉनिक उपकरण) वाजवलेली आणि सिंक्लाव्हिअर या डिजिटल सिंथेसायझरवर रेकॉर्ड केलेली. ड्रम्ससाठी रस कंकल या सेशन ड्रमरला, म्हणजे रेकॉर्डिंगपुरत्या बोलावलेल्या वादकाला, आणलं होतं. गाणं बिलबोर्ड हॉट 100 या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत 24 व्या नंबरपर्यंत गेलं, अल्बम अमेरिकेतल्या अल्बमच्या यादीत 41 पर्यंत पोचला आणि गोल्ड झाला (म्हणजे पाच लाख प्रती), 1989 मध्ये आरिया अवॉर्ड्समध्ये, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या संगीत पुरस्कारांमध्ये, गाण्याला सिंगल ऑफ द इयरही मिळालं.

त्यानंतरचा 'गोल्ड आफ्टरनून फिक्स' तेवढा चालला नाही, प्लूग गेला, आणि 1992 च्या 'प्रीस्ट=ऑरा'पर्यंत रेडिओचं लक्ष दुसरीकडे गेलं होतं. चाहते मात्र राहिले. बऱ्याच कट्टर लोकांना 'प्रीस्ट=ऑरा'च जास्त आवडतो, वाद घालावा तेवढा कमी, पण त्यातले पुष्कळ जण तिथपर्यंत 'स्टारफिश'च्या दारातूनच पोचलेत. 2001 मध्ये 'डॉनी डार्को' सिनेमात 'अंडर द मिल्की वे' वाजलं आणि अल्बम आला तेव्हा जन्मलेही नव्हते अशी मुलं अल्बम शोधायला लागली. 2010 मध्ये बँड आरिया हॉल ऑफ फेममध्ये गेला.

2013 पर्यंत विल्सन-पायपर बाहेर पडला, त्याच्या जागी पावडरफिंगर या ऑस्ट्रेलियन बँडचा इयन हॉग आला, आणि ज्यांना त्या दोन गिटारींचं वेड होतं त्यांच्यासाठी तो मोठाच धक्का होता. तरी 2018 मध्ये अल्बमला तीस वर्षं झाली तेव्हा बँड अख्खा 'स्टारफिश' घेऊन टूरवर निघाला. अल्बमच्या क्रमाने वाजवायचं म्हणजे सगळ्यात मोठं हिट गाणं दुसऱ्याच नंबरवर येऊन जातं, आणि पुढे अजून आठ गाणी बाकी असतात.