हाई खुर्ची शे का बाज?

गेल्या दिवाळीत अमळनेरच्या घरी डॅनिश धाटणीची आरामखुर्ची आली. सागाची म्हणून घेतलेली चौकट, बुटके तिरपे पाय, रेक्झिनची गादी आणि जोडीला पाय ठेवायचं स्टूल. आप्पा मागे रेलले आणि अहिराणीत म्हणाले, "हाई खुर्ची शे का बाज?" म्हणजे, ही खुर्ची आहे की बाज?

प्रश्न नेमका होता. ताठ बसलं की धड आणि मांडी यांच्यात काटकोन होतो, पण आपल्या शरीराला तो फारसा मानवत नाही. 1973-74 मध्ये स्कायलॅब अंतराळस्थानकात वजनरहित अवस्थेत सैलावलेल्या अंतराळवीरांचा हा कोन सुमारे 128 अंश भरला होता. काटकोनात बसताना मांडीमागचे स्नायू ताणले जातात, कंबरेची कमान सपाट होते आणि मणक्यांमधल्या चकत्या दबतात. स्वीडनचे डॉक्टर आल्फ नाखेमसन यांनी चकतीत सुई घालून हा दाब मोजला. टेकू न घेता बसल्यावर तो उभं राहण्यापेक्षाही जास्त निघाला. पाठ मागे टेकली की धडाचं थोडं वजन खुर्ची उचलते आणि दाब उतरतो.

पण रेललं की माणूस पुढे घसरतो. म्हणून बैठक मागे उतरती करतात. मग पुढची कड गुडघ्यामागे रुतते. स्टूल लागतं ते इथे. गुडघ्याखालचे दोन्ही पाय मिळून वजनाच्या साधारण 12 टक्के असतात, म्हणजे 60 किलोच्या माणसाचे सात किलो. ते वर ठेवले की कडेचा दाब कमी होतो, घोट्यापासून हृदयापर्यंत रक्ताला चढायची उंचीही घटते आणि संध्याकाळी पाय कमी सुजतात. आमच्याकडे मात्र पहिले दोन महिने स्टुलावर वर्तमानपत्रांची रद्दीच होती!

शरीराची मापं घेऊन फर्निचर बनवायचं, हे डेन्मार्कमध्ये कोरे क्लिंट यांनी रुजवलं. 1924 पासून ते कोपनहेगनच्या कला अकादमीत तेच शिकवत होते. पुढच्या पिढीतल्या हान्स वेग्नर यांच्या 1949 च्या एका खुर्चीची बैठक कागदी दोरीची आहे. एकेका खुर्चीला सुमारे 120 मीटर दोरी, तीही हाताने विणलेली. सुतळीची बाज विणलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

वैशाखात पारा 44 च्या पुढे गेला आणि रेक्झिनने पाठ सोडेना. एक ग्रॅम घाम वाळताना त्वचेची सुमारे 580 कॅलरी उष्णता घेऊन जातो, पण तो वाळला तर. रेक्झिनखाली तो नुसता साचतो. विणीच्या भोकांतून हवा खेळते.

त्याच सुमारास एक पाय खुळखुळू लागला. मिस्तरीने सांधा उघडला तर वर सागाचा पातळ पापुद्रा, आत भलतंच लाकूड! कोरड्या हवेत लाकूड आकसतं. ओला साग पूर्ण वाळेपर्यंत आडव्या दिशेला जेमतेम सहा टक्के आकसतो, पांढरा ओक दहाच्या वर. सातपुड्यातला साग दाराच्या चौकटींना का लावत, ते यावरून कळतं. मिस्तरीने सांध्यात पाचर मारली, गादी काढून सुती दोरी विणली.

राहिला प्रश्न उठण्याचा. बैठक जितकी बुटकी, तितका उठताना गुडघ्यावर भार. आप्पा हातांवर जोर देऊन उठायचे आणि पुटपुटायचे. मिस्तरीने चारही पायांखाली दोन-दोन इंचांचे ठोकळे बसवले. त्याने कोन तसाच राहिला, पण आता स्टूल दोन इंच खाली पडलं. आप्पांनी त्यावर जुनी गोधडी घडी करून ठेवली आहे.