पार्श्वभूमी: पहिल्या पानावर जागा मिळवण्याची चढाओढ

वेबसाइट सर्चमध्ये वर आणायची म्हटले की आज एक लांबलचक यादी हातात पडते: कीवर्ड (लोक शोधतात ते शब्द), मेटा टॅग (कोडमधली पानाविषयीची नोंद), बॅकलिंक (इतर साइट्सवरून आपल्याकडे येणारी लिंक), साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी), पानाचा वेग. ही यादी कुणी एका बैठकीत केलेली नाही. त्यातल्या बऱ्याच नोंदींच्या मागे एखादी जुनी पळवाट आहे किंवा ती बुजवण्यासाठी आलेला एखादा नियम आहे. काही नोंदींचे कारण तर कधीच संपले, त्या नुसत्या सवयीने टिकून आहेत.

१९९० साली मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटाज याने ‘आर्ची’ हे शोधयंत्र तयार केले, तेव्हा क्रमवारीचा प्रश्नच नव्हता. ते फक्त एफटीपी, म्हणजे फाइलींच्या देवाणघेवाणीसाठीच्या, सर्व्हरवरच्या फाइलींची नावे शोधायचे. १९९४ साली आलेली याहू ही माणसांनी हाताने लावलेली विषयवार डिरेक्टरी होती. तिथे एका विषयातली नावे वर्णानुक्रमे लागत, त्यामुळे इंग्रजी ‘ए’ने सुरू होणारे नाव घेतले की बरेचसे काम भागे. वर जाण्याची ही बहुधा सर्वांत निरुपद्रवी युक्ती.

खरी गडबड सुरू झाली ती शोधयंत्रे पानावरचा प्रत्येक शब्द वाचू लागल्यावर. १९९४ चे वेबक्रॉलर आणि १९९५ च्या डिसेंबरातले अल्टाव्हिस्टा ही त्यातली गाजलेली नावे. एखादा शब्द शीर्षकात आहे का, किती वेळा आला आहे, यावरून पानाचे वजन ठरू लागले. म्हणजे पान स्वतःबद्दल जे सांगेल ते खरे धरायचे. मग काय, जो तो आपलीच टिमकी वाजवू लागला. एकच शब्द शेकडो वेळा लिहायचा. वाचणाऱ्याला खटकू नये म्हणून पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत. पानाच्या कोडमध्ये ‘मेटा कीवर्ड’ नावाची एक जागा होती, तिथे पानाशी काडीचाही संबंध नसलेले लोकप्रिय शब्द कोंबले जात. क्रमवारीसाठी आपण ही जागा बघतच नाही, असे गूगलने २००९ मध्ये जाहीर सांगून टाकले. तरीही ती भक्तिभावाने भरणारे आजही भेटतात.

स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन या गूगलच्या भावी संस्थापकांनी १९९६ च्या सुमारास हा प्रश्न उलटा केला. पान स्वतःबद्दल काय म्हणते ते सोडा, बाकीचे त्याच्याबद्दल काय म्हणतात ते बघा. कल्पनेचे मूळ ग्रंथालयशास्त्रात होते. एखाद्या शोधनिबंधाचा उल्लेख इतर किती निबंधांत झाला हे मोजणारी सूची युजीन गारफील्डने १९६४ मध्येच सुरू केली होती. पेज-ब्रिन यांच्या ‘पेजरँक’ या पद्धतीने त्यात एक भर घातली: लिंक किती आहेत एवढेच नव्हे, तर लिंक देणाऱ्याचे स्वतःचे वजन किती, हेही धरायचे. लिंक विकत घेऊन ही पद्धत वाकवता येईल, हे दोघांच्या लक्षात आले होते. पण त्याला पैसे पडतात, म्हणून ते आटोक्यात राहील, असा होरा त्यांनी एका निबंधात मांडला. तो साफ चुकला.

चुकायला त्यांच्याच एका सोयीने हातभार लावला. गूगलने २००० मध्ये ब्राउझरसाठी टूलबार काढला आणि त्यात प्रत्येक पानाचा पेजरँक शून्य ते दहा असा हिरव्या पट्टीत दिसू लागला. माझ्या मते या धंद्याला सर्वांत जास्त नासवले ते या हिरव्या पट्टीने. तोवर लिंकला मोल होते, पण भाव ठरवता येत नव्हता. आता तो डोळ्यांसमोर होता. सहाची लिंक चारच्या लिंकपेक्षा महाग, असा उघड बाजार भरला. एकमेकांना लिंक देणाऱ्या साइट्सची जाळी विणली गेली, ब्लॉगखालच्या प्रतिक्रिया लिंकांनी भरून गेल्या. त्यावर उतारा म्हणून २००५ च्या जानेवारीत गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने मिळून ‘नोफॉलो’ ही कोडमधली खूण आणली: लिंक द्या, पण क्रमवारीत ती मोजू नका. पट्टी मात्र २०१६ मध्ये पूर्ण बंद होईपर्यंत दिसतच राहिली.

शिक्षाही होत होत्या. गूगलच्या क्रमवारीतल्या २००३ च्या नोव्हेंबरातल्या ‘फ्लोरिडा’ बदलात असंख्य व्यापारी साइट्स ऐन खरेदीच्या हंगामाआधी खाली फेकल्या गेल्या आणि सुक्याबरोबर ओलेही जळाले. २००६ मध्ये बीएमडब्ल्यूची जर्मन साइट यंत्राला एक आणि माणसाला दुसरेच पान दाखवते म्हणून काही दिवस निकालांतून काढली गेली. २०११ च्या ‘पांडा’ने वरवरच्या, घाऊक मजकुरावर घाव घातला, अमेरिकेतल्या जवळपास १२ टक्के शोधांचे निकाल त्याने हलले. पुढच्या वर्षीच्या ‘पेंग्विन’ने विकतच्या लिंकांना हात घातला. काल पैसे मोजून मिळवलेल्या लिंका ‘कृपया काढा’ म्हणून लोक आज विनवण्या करू लागले. अखेर २०१२ च्या ऑक्टोबरात गूगलला नको असलेल्या लिंका नाकारण्याची वेगळी सोय द्यावी लागली.

त्यानंतरचा भर वाचणाऱ्यावर आहे. २०१३ चे ‘हमिंगबर्ड’ आणि २०१९ चे ‘बर्ट’ हे गूगलचे बदल शब्द जुळवण्यापेक्षा प्रश्नाचा अर्थ लावू लागले. पानाचा वेग २०१० पासूनच हिशेबात होता, २०१५ पासून मोबाइलवर नीट दिसणे आणि २०२१ पासून उघडताना पान न हलता स्थिर राहणेही त्यात आले. लिहिणाऱ्याला विषयाचा स्वतःचा अनुभव आहे का, हा निकष २०२२ च्या अखेरीस निकालांचा दर्जा तपासणाऱ्या गूगलच्या परीक्षकांच्या मार्गदर्शिकेत दाखल झाला. २०२४ मध्ये नामांकित साइटच्या पुण्याईवर दुसऱ्याचा मजकूर वर चढवण्यालाही मनाई आली.

त्याच वर्षी मे महिन्यात गूगलने अमेरिकेत निकालांच्या डोक्यावर एआयने लिहिलेले उत्तर दाखवायला सुरुवात केली. आता चढाओढ त्या उत्तरात आपले नाव यावे यासाठीही आहे. आणि एआयला गुपचूप सूचना देण्यासाठी पानावर पांढऱ्यावर पांढरी अक्षरे लिहिण्याचे प्रयोगही पुन्हा सुरू झाले आहेत.