पॉडकास्टची यादी हातोहात का फिरते

तंत्रज्ञानात रमणाऱ्या माणसाला ‘कोणते पॉडकास्ट ऐकू?’ असं विचारलं, तर तो नावं सांगतोच, पण बऱ्याचदा एक छोटी फाइलही पाठवतो. ती ओपीएमएल फाइल असते. तिच्यात आवाज नसतो, तो ऐकत असलेल्या कार्यक्रमांचे फक्त पत्ते असतात. ती दुसऱ्याच्या फोनवरच्या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये उघडली, की अख्खी यादी तिथे उभी राहते. गाण्यांच्या किंवा व्हिडिओंच्या अ‍ॅपमधून आवडीनिवडी इतक्या सहज उचलून नेता येत नाहीत. पॉडकास्टमध्ये येतात, याचं कारण २००० सालच्या एका अडचणीत आहे.

तेव्हा घरचं इंटरनेट फोनच्या तारेवरून यायचं. आपल्याकडे विदेश संचार निगमने १५ ऑगस्ट १९९५ला मुंबईसह मोजक्या शहरांत ते सर्वसामान्यांसाठी खुलं केलं होतं. ५६ केबीपीएसच्या (सेकंदाला ५६ हजार बिट) मोडेमवर प्रत्यक्षात सेकंदाला ५ केबीच्या आसपास मजकूर उतरायचा. आता हिशेब बघा. ६४ केबीपीएसवर ध्वनिमुद्रित केलेला तासाभराचा कार्यक्रम सुमारे २९ एमबीचा होतो, म्हणजे तासभर ऐकायला दीड तासाहून जास्त डाउनलोड, आणि तेवढा वेळ घरचा फोन एंगेज. एमटीव्हीवर निवेदक राहिलेले अ‍ॅडम करी यांनी यावर सुचवलेला उपाय साधा होता: ऐकणारा क्लिक करून ताटकळत बसण्यापेक्षा मशीन रिकामं असताना फाइल आधीच उतरवून ठेवू या. सॉफ्टवेअर लिहिणारे डेव्ह वायनर यांनी डिसेंबर २०००मध्ये आरएसएसच्या, म्हणजे संकेतस्थळावरच्या नव्या नोंदी कळवणाऱ्या पद्धतीच्या, ०.९२ आवृत्तीत ‘एन्क्लोजर’ नावाचा टॅग घालून ते शक्य केलं.

या टॅगमध्ये तीनच गोष्टी असतात: फाइलचा पत्ता, तिचा आकार बाइटमध्ये आणि तिचा प्रकार. फीड म्हणजे अशा नोंदींची साधी मजकूर-फाइल. अ‍ॅप ठरावीक वेळाने ती तपासतं आणि नवी नोंद दिसली की फाइल उतरवतं. मधे कुणी दलाल नाही, परवानगी मागायची नाही. बिघाडही इथेच होतात. प्रत्येक भागाला ‘जीयूआयडी’ हा ओळख-क्रमांक असतो. कार्यक्रम दुसऱ्या सर्व्हरवर हलवताना तो बदलला, तर अ‍ॅपला जुने सगळे भाग नवे वाटतात आणि एका रात्रीत दोनशे भागांची रांग लागते. जुन्या पत्त्यावरून नव्या पत्त्याकडे ३०१ हा कायमचा रीडायरेक्ट (पत्ता बदलल्याची सर्व्हरने द्यायची सूचना) लावला नाही, तर फीड नुसतं गप्प होतं. श्रोत्याला वाटतं, कार्यक्रम बंद पडला.

पुढची पावलं भराभर पडली. २००३मध्ये अमेरिकी रेडिओ-मुलाखतकार ख्रिस्तोफर लायडन यांच्या मुलाखती अशा फीडमधून येऊ लागल्या. फेब्रुवारी २००४मध्ये पत्रकार बेन हॅमर्स्ली यांनी ‘गार्डियन’मध्ये ‘पॉडकास्टिंग’ हा शब्द वापरला. जून २००५मध्ये अ‍ॅपलने आपल्या आयट्यून्स या गाण्यांच्या सॉफ्टवेअरच्या ४.९ आवृत्तीत पॉडकास्टची सोय दिली. पण अ‍ॅपलने फक्त सूची ठेवली, फाइली मूळ निर्मात्यांच्याच सर्व्हरवर राहिल्या. हा निर्णय आम्हाला सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचा वाटतो. सूची दहा जणांनी केली, तरी फीड एकच राहिलं.

म्हणूनच जुनी शिफारस आजही कामाची ठरते. लिओ लापोर्ट यांचा ‘धिस वीक इन टेक’ एप्रिल २००५चा. स्टीव्ह गिब्सन यांचा संगणक-सुरक्षेवरचा ‘सिक्युरिटी नाऊ’ ऑगस्ट २००५चा. भाग-क्रमांकासाठी तीनच आकडे धरले होते म्हणून ९९९व्या भागावर थांबायचं गिब्सन यांनी ठरवलं होतं, पण कार्यक्रम हजाराच्या पुढे गेला. त्यांनी सुरुवातीपासून १६ केबीपीएसची हलकी प्रतही दिली, तासाला जेमतेम सात एमबी. शिवाय प्रत्येक भागाचा लिखित मजकूर मिळतो. अमेरिकी उच्चार कानाला नवे असतील, तर आधी मजकूर चाळून मग ऐकावं. २०१३चा ‘अ‍ॅक्सिडेंटल टेक पॉडकास्ट’ आणि २०१७चा ‘डार्कनेट डायरीज’ हे अशा याद्यांत हमखास सापडणारे आणखी दोन. पहिल्यातले मार्को आर्मेंट हे ‘ओव्हरकास्ट’ या अ‍ॅपचे कर्ते. बोलणारा, बनवणारा आणि ऐकणारा एकाच कुळातले असणं इथे नेहमीचंच.

मुंबईत हे लोण खरं पसरलं ते सप्टेंबर २०१६मध्ये जिओ आल्यावर, डेटा स्वस्त झाला तेव्हा. त्याच सुमारास आयव्हीएमसारख्या इथल्या पॉडकास्ट-कंपन्यांची निर्मिती जोर धरू लागली. फेब्रुवारी २०१९मध्ये स्पॉटिफाय भारतात आलं आणि चित्र थोडं बिघडलं. तिथे बाहेरच्या फीडचा पत्ता घालता येत नाही, ओपीएमएल चालत नाही. बरेच मराठी कार्यक्रम तर आता यूट्यूबवरच बघायचे असतात. त्यांची शिफारस करायची तर लिंक देता येते, ऑडिओ फीड देता येत नाही. २०१८चं गूगल पॉडकास्ट २०२४मध्ये बंद झालं, तेव्हा ज्यांनी ओपीएमएल काढून ठेवलं त्यांचं काही अडलं नाही.

यादी आयात करण्याआधी ऑटो-डाउनलोड बंद करा. चाळीस कार्यक्रमांचे प्रत्येकी दोन भाग, प्रत्येक भाग तासाभराचा, १२८ केबीपीएसवर उतरले तर साडेचार जीबी जातात. अँड्रॉइडवर अँटेनापॉड या पॉडकास्ट-अ‍ॅपच्या सेटिंगमध्ये इम्पोर्ट/एक्स्पोर्टमधून फाइल घ्या, मग चार-पाच कार्यक्रमांनाच डाउनलोडची मुभा द्या. रात्री वायफायवर, प्रत्येकी शेवटचे दोन भाग, ऐकून झाले की आपोआप पुसले जातील असे. चर्चगेट–विरारसारख्या लांबच्या प्रवासाला आणि जमिनीखालून धावणाऱ्या मेट्रो ३मध्ये रेंजवर विसंबून राहण्यापेक्षा हे बरं. कोणता भाग कुठवर ऐकला, हे ओपीएमएलबरोबर येत नाही, त्यामुळे अर्धवट भाग आधी संपवा.

आणि स्वतःची यादी दुसऱ्याला देण्याआधी ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडा. पैसे भरून घेतलेल्या फीडच्या पत्त्यात तुमची वैयक्तिक किल्ली असते, एखादी लांबलचक अक्षरांची माळ. तो पत्ता चार जणांच्या फोनवरून तपासला जाऊ लागला, तर तुमचंच सभासदत्व गोठू शकतं. ती ओळ तेवढी काढून टाका आणि मग पाठवा.