जनुक गप्प करण्याचं तंत्र कर्करोगाच्या फैलावापर्यंत कसं पोचलं

पेट्युनियाची फुलं अधिक गडद जांभळी व्हावीत म्हणून रंगाच्या जनुकाची जादा प्रत झाडात घातली, तर काही फुलं चक्क पांढरी उमलली. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या कोड्याची किल्ली १९९८ मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांना सूत्रकृमीत सापडली: दुपदरी आरएनए पेशीत शिरला की त्याच्याशी जुळणारा संदेशवाहक आरएनए (जनुकातली प्रथिन बनवण्याची माहिती वाहून नेणारी प्रत) नष्ट होतो आणि ते प्रथिन बनेनासं होतं. २००६ चं नोबेल याच शोधाला मिळालं.

मानवी पेशींत हे सरळ चालेना. तीसपेक्षा जास्त बेसजोड्यांचा दुपदरी आरएनए दिसला की पेशीला विषाणू आल्यासारखं वाटतं, विषाणूविरुद्धचं इंटरफेरॉन हे प्रथिन सुटतं आणि सगळीच प्रथिनं बनणं मंदावतं. थॉमस टुशल यांच्या गटाने २००१ मध्ये २१ न्यूक्लिओटाइडचे (आरएनएच्या साखळीतल्या कड्यांचे) छोटे तुकडे, म्हणजे एसआयआरएनए, वापरून ही अडचण सोडवली. पण भराभर विभागणाऱ्या पेशींत त्यांचा असर आठवड्याभरात ओसरतो, आणि उंदरात गाठ फुप्फुसापर्यंत पसरायला कित्येक आठवडे लागतात. म्हणून २००२ मध्ये आलेले एसएचआरएनएचे प्लाझ्मिड, म्हणजे पेशीतच असे तुकडे सतत बनवत ठेवणारी डीएनएची वर्तुळं, निर्णायक ठरले. २००४ साली उंदराच्या ४टी१ स्तनकर्करोग पेशींत ट्विस्ट हे प्रथिन दाबलं, तेव्हा मूळ गाठ वाढतच राहिली, फुप्फुसातला फैलाव मात्र घटला. गाठ वाढणं वेगळं आणि पसरणं वेगळं, हे इतक्या स्वच्छपणे दिसणं फार मोलाचं होतं.

पेशी किती आत घुसतात हे मोजणारी ताटलीतली चाचणी मात्र सहज फसवते. ८ मायक्रॉन छिद्रांच्या पडद्यावर मॅट्रिजेल या ऊतींमधल्या जाळीसारख्या जेलचा थर, वर सीरमविना (रक्तद्रवाविना) पेशी, खाली त्यांना ओढून घेणारं १० टक्के सीरम. साधारण २४ तासांनी वरच्या पेशी कापसाने पुसून खाली उतरलेल्या मोजायच्या. त्या कमी भरल्या तर प्रथिनामुळे, की पेशी मुळात मरत होत्या म्हणून? शेजारी जिवंत पेशींची मोजणी नसेल तर या आकड्याला अर्थ नाही. दुसरी चूक घाईची. संदेशवाहक आरएनए २४ तासांत घटतो, पण पेशीला आधाराशी चिकटवणाऱ्या इंटिग्रिनसारखी टिकाऊ प्रथिनं पेशीच्या पृष्ठभागावर तशीच असतात. ४८ ते ७२ तासांनी वेस्टर्न ब्लॉटवर, म्हणजे प्रथिनाचं प्रमाण दाखवणाऱ्या चाचणीत, पट्टी फिकी झालेली पाहूनच चाचणी लावावी.

२००३ पासून आणखी एक दोष उघड झाला: अर्धवट जुळणारी भलतीच जनुकंही दाबली जातात. म्हणून एकाच जनुकाच्या निरनिराळ्या जागांवरचे किमान दोन एसआयआरएनए, १० ते ५० नॅनोमोलरइतकीच मात्रा, आणि एसआयआरएनएला ओळखता न येणारी जनुकाची प्रत परत घालून गुण पूर्ववत होतो का, ही खातरजमा. फसगतीचं उदाहरण: मेल्क या प्रथिनाशिवाय कर्कपेशी वाढत नाहीत असं आरएनए दाबून केलेल्या प्रयोगांतून दिसलं होतं. २०१७ साली क्रिस्पर या जनुक कापणाऱ्या तंत्राने ते जनुकच निकामी केलं, तरी पेशी वाढतच राहिल्या.