माउसच्या पोटातली पट्टी

मे महिना, लग्नसराईचा जोर. शहापूरच्या आमच्या डीटीपीच्या, म्हणजे संगणकावर छपाईचा मजकूर जुळवायच्या दुकानात पत्रिकेचं प्रूफ बघायला दोन्ही घरची माणसं समोर बसलेली. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड. बेळगावात अशा पत्रिका नेहमीच्याच. नवरदेवाच्या आजोबांचं नाव वरच्या ओळीतून उचलून खाली न्यायचं होतं. बोट माउसच्या बटणावर घट्ट होतं, तरी नाव वाटेतच सुटलं आणि गणपतीच्या चित्रावर जाऊन पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा सुटलं. फाइल नुसती निवडायला एकदा दाबावं, तर ती उघडूनच यायची. शेजारच्या मशीनवरून कामाला असलेली पोरगी म्हणाली, "दादा, माझ्या माउसचं बी तसंच हाय बघा. एकदा दाबलं की दोनदा पडालंय."

दोन्ही माउस एकाच खेपेला घेतलेले, दोन्ही दीड वर्षात गेले. त्या रात्री शटर ओढल्यावर मी त्यातला एक उघडला.

तळाच्या गुळगुळीत पट्टीखाली स्क्रू दडलेला असतो. तो काढून वरचं कवच उचललं की आत फारसं काही दिसत नाही. एक छोटी सर्किटची पाटी, मधे चाक, आणि डाव्या-उजव्या बटणाखाली शेंगदाण्याएवढी एकेक काळी डबी. या डबीला मायक्रोस्विच म्हणतात. नखाने तिचं झाकण उचकटलं की आत तांब्याच्या मिश्रधातूची कागदासारखी पातळ पट्टी दिसते. तिच्यातलीच एक जीभ वाकवून ताणून बसवलेली असते. बोटाचा दाब एका मर्यादेपलीकडे गेला की ही जीभ एकदम पलटी खाते आणि पट्टीचं टोक वरचा संपर्कबिंदू सोडून खालच्यावर आपटतं. पत्र्याच्या डब्याचं झाकण मधोमध दाबलं की ते जसं टक् करून आत जातं आणि सोडलं की टक् करून वर येतं, तसंच हे. या पलटीला लागणारा दाब असतो साधारण ६० ते ७५ ग्रॅम. आपण 'क्लिक' म्हणून जो आवाज ऐकतो तो या पट्टीचाच.

आता खरी गंमत पुढे आहे. धातूवर धातू आपटला की तो एका ठोक्यात थांबत नाही. फरशीवर टाकलेलं नाणं जसं थरथरत थरथरत बसतं, तशी ही पट्टीही काही मिलिसेकंद नाचते. तेवढ्या वेळात वीजप्रवाह अनेकदा जुळतो, तुटतो. माउसमधल्या चिपला हे ठाऊक असतं. म्हणून पहिला संकेत आल्यावर ती थोडा वेळ बाकीच्या थरथरीकडे काणाडोळा करते. पट्टी नवी असते तोवर हे छान चालतं. लाखो वेळा वाकून तिचा ताण सैलावला, संपर्कबिंदू झिजले, की ती जास्त वेळ नाचते. चिपने ठरवलेली मुदत संपते आणि उरलेली थरथर तिला दुसरी क्लिक वाटते. तसंच, बटण दाबून धरलेलं असताना संपर्क क्षणभर जरी तुटला, तरी चिप समजते की बोट उचललं. आजोबांचं नाव वाटेत सुटलं ते यामुळे.

झिजेच्या जोडीला आपल्याकडे आणखी एक कारण काम करतं, ते म्हणजे हवा. संपर्कबिंदूंवर बहुधा चांदीचा मुलामा किंवा चांदीची मिश्रधातू असते. देवघरातलं चांदीचं निरांजन पावसाळ्यात जसं लवकर काळवंडतं, तसाच गंधकाचा काळा थर या बिंदूंवरही चढतो आणि ओल असली की तो लवकर चढतो. घरातल्या दिव्याच्या स्विचमधून मोठा प्रवाह जातो, त्याच्या ठिणगीने असला थर जळून जातो. माउसच्या स्विचमधून मात्र इतका थोडा प्रवाह जातो की तो थर जाळायची ताकद त्याच्यात नसते. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे जून ते सप्टेंबर भिंतींनाही पाणी सुटतं. तिथं बंद खोलीत पडून असलेला, फारसा न वापरलेला माउसही म्हणूनच बिघडू शकतो.

खोक्यावर लिहिलेला आकडा या माहितीवर पारखून घ्यावा. ५० लाख, १ कोटी, २ कोटी, ५ कोटी क्लिक असे आकडे दिसतात. समजा, पत्रिका जुळवणारा माणूस दिवसाला ३००० क्लिक करतो आणि वर्षात ३०० दिवस काम करतो. वर्षाला ९ लाख झाल्या. म्हणजे ५० लाखांचा स्विच साडेपाच वर्षं टिकायला हवा. माझा दीड वर्षात गेला. कारण हे आकडे सहसा पट्टी तुटेपर्यंतच्या यांत्रिक आयुष्याचे असतात, तेही प्रयोगशाळेतल्या कोरड्या, स्वच्छ हवेतले. पट्टी न तुटता नुसती सैलावली, काळवंडली, तरी आपल्या दृष्टीने माउस संपलाच. तरीही आकडा अगदीच निरुपयोगी नाही. ज्या खोक्यावर स्विचच्या आयुष्याचा आकडा आहे किंवा ओमरॉनसारख्या स्विच बनवणाऱ्या कंपनीचं नाव आहे, तो माउस बनवणाऱ्याने निदान या डबीचा विचार तरी केलाय. रोज आठ-दहा तास काम करणाऱ्याने २ कोटींच्या खालचा घेऊ नये, असं माझं मत झालंय.

याला एक सरळ तोडही निघाली आहे, ती म्हणजे प्रकाशावर चालणारा स्विच. त्यात बटण दाबलं की डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणाची वाट अडते किंवा मोकळी होते, आणि चिप तेवढंच बघते. वीज जोडायला धातूवर धातू आपटावा लागत नाही, त्यामुळे थरथर नाही आणि काळवंडायला काही नाही. पूर्वी असे माउस फक्त गेम खेळणाऱ्यांसाठी यायचे, किंमतही तशीच असायची. आता थोड्या स्वस्त मॉडेलमध्येही ते दिसू लागलेत. आपल्या पावसाला हा प्रकार मला सगळ्यात योग्य वाटतो.

हलण्याचं काम करणारा भाग मात्र आता क्वचितच बिघडतो, आणि यात मोठी प्रगती झाली आहे. डग्लस एंगलबार्ट यांच्या कल्पनेवरून १९६४ साली बिल इंग्लिश यांनी बनवलेला पहिला माउस लाकडाचा होता. त्याच्या पोटात काटकोनात बसवलेली दोन चाकं होती. पुढे चाकांच्या जागी गोळी आली. आमचं घर वडगावचं, घरात माग. गोळीचा माउस आमच्याकडे आठवडाभरही सरळ चालायचा नाही. सुताचा भुगा गोळीबरोबर आत जाऊन रुळांवर लोकरीसारखा गुंडाळला जायचा आणि मग सुई घेऊन तो सोडवत बसायचं. आताच्या माउसच्या तळाशी छोटासा कॅमेरा असतो. तिरप्या प्रकाशात टेबलावरचे बारीक उंचवटे उजळतात. त्यांचे सेकंदाला दीड हजार किंवा त्याहून जास्त फोटो निघतात, आणि आधीच्या फोटोतल्या खुणा पुढच्या फोटोत किती सरकल्या यावरून चिप हालचाल मोजते. साध्या माउसमध्ये हा फोटो जेमतेम १८ बाय १८ ठिपक्यांचा असतो. त्यात तुमचा चेहराही ओळखू येणार नाही, पण सरकणं मोजायला तेवढा पुरतो.

म्हणूनच काचेच्या टेबलावर, ज्याखाली आपण कॅलेंडर आणि देवांचे फोटो सरकवून ठेवतो, त्यावर माउस भरकटतो. स्वच्छ काचेला टिपण्यासारख्या खुणाच नसतात. एक वही किंवा पुठ्ठा खाली घेतला की भागतं. बाण एकाच जागी थरथरत असेल तर तळाच्या भोकात डोकावून पाहा, बहुतेक वेळा एखादा केस किंवा सुताचा धागा भिंगासमोर अडकलेला असतो.

डीपीआयच्या मोठ्या आकड्याला भुलू नका. १००० डीपीआय म्हणजे हात एक इंच सरकला की बाण १००० ठिपके सरकतो. आपला पडदा १९२० ठिपके रुंद, म्हणजे दोन इंचांत या टोकाहून त्या टोकाला. कार्यालयीन कामाला १००० ते १६०० भरपूर झाले. १६००० डीपीआयसाठी मोजायचे पैसे चांगल्या स्विचवर खर्च करावेत.

माउसच्या अंगावर हाताला मऊ लागणारा, रबरासारखा लेप असतो, त्याबद्दल सावध करायला हवं. दुकानात तो फार छान वाटतो. पण असे बरेचसे लेप पॉलियुरेथेनचे असतात. हवेतल्या पाण्याने त्यांच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटत जातात, त्यात हाताचा घाम आणि तेल मिसळतं. दोन-तीन पावसाळ्यांत तो काकवीसारखा चिकट होतो आणि मग पुसून जात नाही. साधं, किंचित खरबरीत, कडक प्लॅस्टिक दिसायला गरीब असतं, पण आपल्या हवेत तेच टिकतं.

वडील आयुष्यभर खड्डामागावर, म्हणजे पाय खड्ड्यात सोडून चालवायच्या हातमागावर बसले. आडवं सूत नेणारा धोटा फेकायच्या दोरीला लाकडी मूठ असते. दुसऱ्याच्या मागावर बसायची वेळ आली तर ते आधी ती मूठ हातात घेऊन बघायचे, आणि लहान असेल तर तिला चिंधी गुंडाळायचे. दिवसाला हजारो वेळा जी गोष्ट ओढायची, ती मुठीत भरली नाही तर संध्याकाळी कोपरापर्यंत कळ येते, हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. यंदा नवा माउस घरी आणला तेव्हा तो त्यांनी तसाच, वायर न जोडता, हातात धरून पाहिला आणि म्हणाले, "हा तुझ्या हाताला बारका हाय. बोटं आखडालीत बघ."

ते बरोबर होते. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत माझा हात १९ सेंटिमीटर आहे आणि तो माउस होता जेमतेम १० सेंटिमीटर लांब, लॅपटॉपबरोबर पिशवीत टाकायला बनवलेला. एवढ्या मोठ्या हाताला १२ सेंटिमीटरच्या आसपासचा, मधे उंचवटा असलेला माउस लागतो, म्हणजे तळहात त्यावर टेकतो. नाहीतर बोटं पंजासारखी वाकवून धरावी लागतात आणि ती धरून ठेवणारे पुढच्या हाताचे स्नायू दिवसभर ताणलेले राहतात. हात लहान असलेल्या पोरीला उलट लहान माउसच सोयीचा. त्यामुळे दोघांना एकच मॉडेल घ्यायची माझी पद्धत चुकीची होती.

मनगटात हाडांच्या कमानीखालून एक अरुंद बोगदा जातो. त्यातून बोटं मिटणाऱ्या ९ कंडरा आणि बोटांची संवेदना वाहणारी एक मुख्य नस जाते. मनगट वर मोडलं की या बोगद्यातला दाब वाढतो. टेबल उंच आणि खुर्ची बुटकी असेल तर माउस कितीही महागाचा असला तरी मनगट मोडणारच. कोपर टेबलाच्या उंचीला येईल इतकं बसणं वर घ्या. अंगठ्यात आणि पहिल्या दोन बोटांत रात्री मुंग्या येऊन जाग येत असेल तर मात्र माउस बदलत बसू नका, डॉक्टरला दाखवा; मधुमेह आणि थायरॉइडमुळेही ही नस दबते.

डीटीपीवाल्यांसाठी आणखी एक. जुन्या फॉन्टमध्ये जोडाक्षरं काढायला आल्ट दाबून उजवीकडचे आकडे टाकावे लागायचे, म्हणून आपण सगळे लांबलचक कीबोर्ड वापरत आलो. त्या आकड्यांच्या खणामुळे माउस खांद्यापासून वीतभर लांब जातो आणि हात दिवसभर बाहेर फेकलेला राहतो. आता युनिकोडवर, म्हणजे असे आकडे टाकावे न लागणाऱ्या अक्षरपद्धतीवर काम करत असाल तर तो खण नसलेला कीबोर्ड घ्या. माझा खांदा माउस बदलून जितका हलका झाला, त्याहून जास्त याने झाला. हस्तांदोलनाच्या स्थितीत धरायचा उभा माउस मीही दोन आठवडे वापरला. तळहात पालथा राहत नाही, त्यामुळे पुढच्या हाताची दोन हाडं एकमेकांवर पिळली जात नाहीत आणि आराम वाटतो. पण अक्षरांमधली बारीक जागा जुळवताना मला तो जड गेला. हिशेबाचं, अर्ज भरायचं काम करणाऱ्याने जरूर वापरून पाहावा.

खडेबाजारात माउस घ्यायला गेलात तर खोक्यातून काढून दाखवायला सांगा. बटण टोकाला दाबा आणि मागे, तळव्याजवळही दाबा. दोन्हीकडे बेताच्या जोराने दाबलं जायला हवं. चाक हळूहळू फिरवून खाचा एकसारख्या लागतात का बघा. वायर माउसला जिथं मिळते तिथं लवचीक रबरी नळी हवी, कारण वायर तुटते ती बहुतेक तिथंच. बिनतारी घेणार असाल तर सेल काढून ठेवण्याची सवय लावून घ्या, नाहीतर मे महिन्याच्या सुट्टीत आत गळलेला सेल खाचेतले पत्रे खाऊन टाकतो.

माझे ते दोन जुने माउस मी टाकले नाहीत. स्विचला तीनच पाय असतात. सोल्डर वितळवून जुना काढला, त्याच मापाचा २ कोटींचा नवा बसवला. एका स्विचला चहा-भज्यांपेक्षा फार जास्त पैसे पडले नाहीत. पहिला बसवताना पाऊण तास गेला, दुसरा वीस मिनिटांत झाला. पोरगी आता त्यातलाच एक वापरते, दुसरा ड्रॉवरमध्ये घट्ट झाकणाच्या डब्यात, औषधाच्या बाटलीत येतात तसल्या ओल शोषणाऱ्या पुड्यांबरोबर ठेवलाय.