आपत्ती नियोजन, स्थानिक (बेळगाव सीमाभाग)

नैसर्गिक आपत्तीतली हानी कमी व्हावी म्हणून जिल्हा प्रशासन, महापालिका, नगरपालिका आणि ग्राम पंचायती यांनी आधीच करून ठेवायची तयारी. बेळगाव जिल्ह्यात आपत्ती म्हणजे मुख्यतः पूर. अथणीच्या पूर्वेकडच्या गावांना मात्र दुष्काळाचीच धास्ती जास्त.

आधार २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याचा. जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. सहअध्यक्षपद लोकांनी निवडून दिलेल्या स्थानिक संस्थेच्या, म्हणजे इथे जिल्हा पंचायतीच्या, प्रमुखाकडे. जिल्ह्याच्या योजनेचा दरवर्षी आढावा घ्यायचा असतो. पण २०२१ मध्ये जिल्हा पंचायतीची मुदत संपली, निवडणुका लांबत गेल्या आणि कारभार अधिकाऱ्यांच्याच हाती राहिला.

खरी अडचण अशी, की योजना जिल्ह्याची आणि पाणी पलीकडचे. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा आणि हिरण्यकेशी महाराष्ट्रातून येतात. त्यामुळे चिकोडी, निपाणी भागात पाऊस उघडला तरी कोयना, राधानगरीच्या पाणलोटात तो कोसळत असेल तर नदी चढतच राहते. शिरोळ तालुक्यातल्या राजापूर बंधाऱ्यावरून येणारे कृष्णेचे पाणी आणि दूधगंगेचे पाणी यांची बेरीज केली की या दोन नद्यांच्या संगमावरच्या कल्लोळला किती क्युसेक येणार ते कळते. पावसाळ्यात इथली माणसे हा आकडा बाजारभावासारखा विचारतात. कल्लोळ-यडूर, मलिकवाड-दत्तवाड, कारदगा-भोज हे बंधारेवजा पूल बुटके असल्याने सर्वांत आधी पाण्याखाली जातात. पाणी स्लॅबला टेकायच्या आत दोन्ही टोकांना बॅरिकेड लावून माणूस उभा करणे, हे या सगळ्या नियोजनातले सर्वांत स्वस्त काम. ते चुकले की एखादा मोटारसायकलवाला घाई करतोच. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात यमगर्णीजवळ वेदगंगेचे पाणी पुणे-बंगळूर महामार्गावर आले आणि वाहतूक बंद पडली.

पूरग्रस्तांसाठी शाळांतून, मंगल कार्यालयांतून ‘काळजी केंद्र’ उघडले जाते. पूर्वी त्याला ‘गंजी केंद्र’ म्हणत; कन्नडमध्ये गंजी म्हणजे पेज. काळजी हा शब्द कन्नड आणि मराठी दोघांचाही, त्यामुळे निदान हे नाव तरी सर्वांना सारखेच कळते. एरवी सूचना कन्नडमध्ये निघते आणि मराठी गावात ती तोंडी समजावून सांगावी लागते. म्हशी मागे ठेवून घर सोडायला कुणी तयार होत नाही. म्हणून वैरण आणि गोठ्याची सोय नसलेले केंद्र कागदावर कितीही चांगले असले तरी रिकामेच राहते.

खानापूर तालुक्यात प्रश्न वेगळा. कणकुंबीकडच्या मुसळधार पावसात नदीपेक्षा मातीच्या भिंतीच आधी जातात. तिथे नियोजन म्हणजे जुनी घरे मेअखेर पाहून धोक्याच्या घरांतली माणसे हलवणे. प्रत्यक्षात मात्र भिंत पडल्यावर पंचनामा, एवढ्यावरच बहुतेकदा भागते.

बेळगाव शहरालगत बळ्ळारी नाला आहे. गाळ आणि जलपर्णीने तो तुंबला की शहापूर, वडगाव, अनगोळ, येळ्ळूर शिवारातली भाताची रोपे दिवसचे दिवस पाण्याखाली कुजतात आणि शेतकऱ्यावर दुबार पेरणीची पाळी येते. नाला उपसायचा तो उन्हाळ्यात. ही मागणी शिवारात दरवर्षी होते, बहुधा जूनमध्ये, पाणी शिरल्यानंतर.