भारी बॅट, कच्चा ग्लोव्ह: अशा खेळाडूची किंमत कशी ठरत गेली

अमेरिकन बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या स्पर्धांमध्ये, मोसमाला तीसेक होमरन ठोकणारा, पण फर्स्ट बेससारखी क्षेत्ररक्षणाची सोपी जागाही धड न सांभाळणारा मुलगा प्रॉस्पेक्टच्या (होतकरू खेळाडूंच्या) याद्यांमध्ये इतका खाली का असतो, हा प्रश्न दरवर्षी निघतो. त्याचं बरंचसं उत्तर नियमांच्या इतिहासात आहे.

नवे खेळाडू हेरणाऱ्या स्काउटांच्या 20 ते 80 च्या पट्टीवर ताकदीला 70 आणि क्षेत्ररक्षणाला 30 मिळवणारा खेळाडू कायमच डोकेदुखी ठरला. पूर्वी त्याला फर्स्ट बेसवर किंवा लेफ्ट फील्डमध्ये खपवायचं, एवढाच उपाय होता.

1968 चा मोसम पिचरांनी, म्हणजे चेंडू टाकणाऱ्यांनी, गाजवला. मेजर लीगच्या दोन भागांपैकी एक असलेल्या अमेरिकन लीगमध्ये (दुसरा नॅशनल लीग) अवघ्या .301 सरासरीवर फलंदाजीचं विजेतेपद मिळालं. पुढच्या वर्षी माउंडची (पिचरच्या उंचवट्याची) उंची 15 इंचांवरून 10 इंचांवर आणली, तरी या लीगची गर्दी नॅशनल लीगच्या मागेच राहिली. अखेर 11 जानेवारी 1973 रोजी तिथल्या मालकांनी 8 विरुद्ध 4 मतांनी डीएचचा (डेझिग्नेटेड हिटर: क्षेत्ररक्षण न करता पिचरऐवजी फक्त बॅटिंग करणारा) नियम तीन वर्षांच्या प्रयोगासाठी स्वीकारला. 6 एप्रिलला बॉस्टनच्या फेनवे पार्कवर पहिला डीएच फलंदाजीला आला तेव्हा तिन्ही बेस भरलेले होते. त्याला वॉक (चार खराब चेंडूंमुळे आपोआप फर्स्ट बेस) मिळाला आणि एक रन आली.

नॅशनल लीगने मात्र नकार दिला. 1980 मध्ये तिथेही मतदान झालं: बाजूने 4, विरोधात 5 आणि तिघे तटस्थ. पडलेल्या या ठरावाची चर्चा फार कमी होते. माझ्या मते फटकेबाज प्रॉस्पेक्टचं सर्वांत मोठं नुकसान त्याच दिवशी झालं. एकाच खेळाडूची एका लीगमध्ये एक किंमत आणि दुसऱ्या लीगमध्ये दुसरी, ही परिस्थिती पुढे चार दशकं टिकली. डबल-ए आणि ट्रिपल-ए या मायनर लीगच्या वरच्या पायऱ्यांवरही दोन्ही संघ नॅशनल लीगच्या क्लबांचे असले की पिचरच बॅटिंगला यायचा. म्हणजे त्या क्लबांच्या मुलाला ग्लोव्ह शिकणं भाग होतं, नाहीतर ट्रेडची वाट बघणं.

नॅशनल लीगच्या फिलाडेल्फियाचं उदाहरण घ्या. 2004 मध्ये त्यांच्या एका फर्स्ट बेसमनने डबल-ए आणि ट्रिपल-ए मिळून 46 होमरन मारले. वर मेजर लीगच्या संघात त्याच जागेवर एक नामांकित फटकेबाज होता आणि डीएचची सोय नव्हती. 2005 मध्ये तो ज्येष्ठ खेळाडू जखमी झाला, तेव्हा कुठे दार उघडलं. हा मुलगा त्या वर्षीचा सर्वोत्तम नवोदित ठरला आणि 2006 मध्ये 58 होमरनसह एमव्हीपी (लीगचा सर्वांत मोलाचा खेळाडू). दुखापत झाली नसती तर?

मग आकडेवारीचा काळ आला आणि तराजू उलटा झुकला. वॉर म्हणजे खेळाडूचं मोल विजयांत मोजणारा आकडा; त्याच्या एका प्रचलित हिशेबात पूर्ण मोसम शॉर्टस्टॉप ही अवघड जागा खेळणाऱ्याला 7.5 रन बहाल होतात, फर्स्ट बेसमनचे 12.5 कापले जातात आणि डीएचचे 17.5. दहा रन म्हणजे साधारण एक विजय. 2016 मध्ये मिलवॉकीच्या फर्स्ट बेसमनने 41 होमरन मारून नॅशनल लीगमध्ये संयुक्त पहिला क्रमांक मिळवला, पण 206 वेळा स्ट्राइकआउटही (तीन स्ट्राइकवर बाद) झाला. मोसम संपताच क्लबने त्याला मोकळं केलं. न्यूयॉर्कने त्याला 35 लाख डॉलरमध्ये घेतलं. हा धडा प्रत्येक क्लबने गिरवला.

2015 पासून मेजर लीगच्या सगळ्या मैदानांवर बॅटवरून निघालेल्या चेंडूचा वेग आणि कोन मोजला जाऊ लागला. मायनर लीगमध्येही अशी मोजणी पसरली, तेव्हा अल्बुकर्की किंवा रीनोच्या विरळ हवेत उडालेले होमरन वेगळे काढणं सोपं झालं. ताशी 95 मैलांहून वेगाने चेंडू किती वेळा निघतो आणि स्ट्राइक झोनमधले, म्हणजे मारण्याजोग्या पट्ट्यातले, चेंडू किती चुकतात, हे आता होमरनच्या आकड्याआधी पाहतात.

2022 मध्ये नॅशनल लीगनेही डीएच कायमचा स्वीकारला. जागा वाढल्या, पण बऱ्याच क्लबांनी त्या थकलेल्या नियमित खेळाडूंना आलटूनपालटून विश्रांती देण्यासाठी वापरल्या. 2024 मध्ये नॅशनल लीगचा एमव्हीपी मोसमभर फक्त डीएच म्हणून खेळला, हे खरं. पण त्याने 54 होमरनबरोबर 59 बेसही चोरले होते. ते माप विशीतल्या जड फटकेबाजाला लावता येत नाही. म्हणून आजही त्याला लेफ्ट फील्डमध्ये उभं करून पाहतात.